गूगल फॅमिली लिंक: गेम खेळणाऱ्या मुलांच्या घरात कुठे पुरतं, कुठे कमी पडतं

आधी निकाल, मग कारणं. मुलाचा स्वतःचा अँड्रॉइड फोन किंवा टॅब आहे, वय तेराच्या आत आहे आणि गेमवरून घरात रोज वाजतंय, अशी स्थिती असेल तर फॅमिली लिंक, म्हणजे मुलाचा फोन पालकाच्या फोनवरून आवरायचं गूगलचं ॲप, लावाच. फुकट आहे आणि नीट बसवायला पाऊण तास पुरतो. पाचपैकी गुण द्यायचे तर वेळ आवरायला साडेचार, नवे गेम अडवायला चार, पैसे वाचवायला तीन. गेमच्या आत मूल कोणाशी काय बोलतंय यावर नजर ठेवायला शून्य. हा शून्य ॲपचा दोष नव्हे, ते काम त्याला दिलेलंच नाही. पण ॲप बसवलं की सगळंच सांभाळलं गेलं अशी समजूत होते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

मुलाकडे आयफोन असेल तर हे ॲप तुमच्यासाठी नाही. तिथे ॲपलचा स्वतःचा ‘स्क्रीन टाइम’ वापरायचा. पालकाकडे आयफोन आणि मुलाकडे अँड्रॉइड असेल तर मात्र अडचण नाही, पालकाचं ॲप दोन्हीकडे चालतं.

खातं आणि जन्मतारीख

सगळा डोलारा मुलाच्या गूगल खात्यातल्या जन्मतारखेवर उभा आहे. नवा फोन घेतला की दुकानदार काउंटरवरच बाबांचा जीमेल टाकून तो चालू करून देतो. तेव्हापासून प्ले स्टोअर, यूट्यूब आणि गेम, सगळ्यांच्या लेखी तो फोन चाळीस वर्षांच्या माणसाचा. अशा फोनवर फॅमिली लिंक लावायला गेलात की ते अर्धवट बसतं: मुलाचं खातं जोडलं जातं, पण बाबांचं खातंही तिथेच राहतं. मग प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्राला टिचकी मारून बाबांच्या खात्यावर जायचं आणि हवा तो गेम उतरवायचा, एवढंच मुलाला करावं लागतं. परवानगी विचारलीच जात नाही. ‘आम्ही लावलं होतं, पण चाललं नाही’ असं कोणी म्हणालं तर आधी फोनवर खाती किती आहेत ते बघा.

सरळ मार्ग म्हणजे फोन रिसेट करून पुन्हा सुरुवात करणं. पण त्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. फोटो आणि शाळेच्या ग्रुपवरचं जे लागणार आहे ते दुसरीकडे काढा. मग प्रत्येक गेम उघडून त्याच्या सेटिंगमध्ये तो कोणत्या लॉगिनला जोडलाय ते पाहा. ‘गेस्ट’ दिसलं तर सावध व्हा, कारण ॲप गेलं की त्या खात्यातले हिरे, स्किन (पात्राचे, बंदुकीचे पोशाख), लेव्हल सगळं जातं. मुलाच्या दृष्टीने ती दोन वर्षांची कमाई असते. ती पहिल्याच दिवशी घालवलीत तर पुढचं काहीच तो तुमच्याशी सरळ बोलून ठरवणार नाही.

रिसेटनंतर फोन चालू करताना मुलासाठी खातं तयार करायचा पर्याय निवडा, खरी जन्मतारीख टाका आणि पालक म्हणून स्वतःचा जीमेल द्या. तुमचा पासवर्ड विचारला जाईल. तो मुलाला बाहेर पाठवून टाका. ‘तू टाईप कर, मी सांगते’ ही सवय इथे चालणार नाही.

घरात एकच फोन असेल, म्हणजे आईचाच फोन दुपारी मुलाच्या हातात जात असेल, तर फॅमिली लिंकचा उपयोग नाही. ते खात्यावर आणि उपकरणावर चालतं, हातावर नाही. अशा घरी फोनच्या सेटिंगमधलं ‘ॲप पिनिंग’ चालू करा. एक गेम पिन केला की कुलूप उघडल्याशिवाय दुसऱ्या ॲपमध्ये जाता येत नाही. सोबत प्ले स्टोअरमधली खरेदीची पडताळणी ‘प्रत्येक वेळी’ वर ठेवा. काही फोनमध्ये दुसरा ‘यूजर’ करायची सोय असते. असली तर ती पिनिंगपेक्षा बरी.

वेळ: तासाऐवजी मॅचमध्ये मोजा

फॅमिली लिंकमध्ये वेळ आवरायची मुख्य तीन हत्यारं आहेत. ‘डेली लिमिट’ म्हणजे दिवसभराचा एकूण वेळ, ‘डाउनटाइम’ म्हणजे अमुक ते अमुक फोन बंद, आणि ‘ॲप लिमिट’ म्हणजे एकेका गेमला वेगळी मुदत. बहुतेक पालक पहिल्यावरच थांबतात आणि तिथेच फसतात. डेली लिमिट दोन तासांचं ठेवलं की शाळेचा व्हिडिओ, आजीशी व्हिडिओ कॉल आणि गेम सगळे त्याच दोन तासांत बसवावे लागतात. मूल गेम आधी उरकतं आणि संध्याकाळी ‘ट्यूशनचं पीडीएफ बघायचंय, फोन उघड’ म्हणून येतं. मागणी रास्त असते, नाही म्हणता येत नाही, आणि पंधरा दिवसांत लिमिट कागदावरच उरतं.

त्यापेक्षा डेली लिमिट सैल ठेवा, गेमवर ॲप लिमिट घट्ट लावा, आणि अभ्यासाची दोन-तीन ॲपं ‘ऑलवेज अलाउड’ मध्ये टाका. एक मात्र ध्यानात ठेवा: या यादीतलं ॲप डाउनटाइममध्येही चालतं. तिथे यूट्यूब घातलंत तर रात्री दोन वाजता गेमचे व्हिडिओ बघितले जातील.

आता मिनिटं किती? इथे पालकांनी गेम थोडा समजून घ्यायला हवा. बीजीएमआयचा (पबजीचा भारतीय अवतार) शंभर खेळाडूंचा क्लासिक सामना मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलं तर पंचवीस-तीस मिनिटं चालतो. फ्री फायर मॅक्सचा दहा-पंधरा मिनिटांत आटपतो. क्लॅश रॉयलची लढत तीन मिनिटं आणि वर थोडा जादा वेळ. माइनक्राफ्टला शेवटच नाही. साठ मिनिटांचं लिमिट ठेवलेल्या मुलाची बीजीएमआयची दुसरी मॅच, लॉबीत वाट पाहण्याचा वेळ धरून, साधारण अठ्ठावन्नाव्या मिनिटाला शेवटच्या दहा खेळाडूंत आलेली असते. साठाव्या मिनिटाला पडदा करडा होतो. रँक घसरते, सोबतचे तिघे शिव्या घालतात, फोन सोफ्यावर आपटतो. वरवर हे व्यसनाचं लक्षण वाटतं, पण नव्वद टक्के सामना झाल्यावर टीव्हीचा प्लग काढला तर मोठी माणसंही असंच करतील.

म्हणून हिशेब मॅचमध्ये करा: बीजीएमआय खेळणाऱ्याला दोन मॅचसाठी सत्तर मिनिटं, फ्री फायरवाल्याला तीन मॅचसाठी पन्नास. मुलाशी बोलताना मिनिटं काढूच नका, ‘दोन मॅच’ म्हणा. वेळ संपायच्या पंधरा, पाच आणि एक मिनिट आधी फोन सूचना देतो. नियम असा ठेवा की पंधरा मिनिटांची सूचना आल्यावर नवी मॅच सुरू करायची नाही. तरीही अडकलाच तर ‘बोनस टाइम’ देता येतो. तो त्या दिवसापुरता असतो, रोजचं लिमिट बदलत नाही. दहा मिनिटं द्यायला लिमिटच वाढवून ठेवणारे पालक दुसऱ्या दिवशी ते कमी करायला विसरतात.

गोव्यात बहुतेक शाळा सकाळच्या. दीड-दोनला मूल घरी येतं, मोठी माणसं जेवून आडवी होतात, आणि चार वाजेपर्यंत फोनला रान मोकळं. गेमचं खरं तळ ठोकणं याच दोन तासांत होतं, रात्री नव्हे. डाउनटाइम रात्रीसाठी ठेवला की दुपार मोकळीच राहते. दुपारचा तुकडा ‘स्कूल टाइम’ (ठरलेल्या तासांत निवडक ॲपंच चालू ठेवणारी सोय) लावून झाकता येतो. सोमवार ते शुक्रवार दोन ते चार गेम बंद, शनिवार-रविवारी मोकळं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आणि मेच्या सुटीत वेळापत्रक वेगळं लागेल. ते सुटीच्या पहिल्याच दिवशी मुलासमोर बसून बदला, नाहीतर सुट्टीभर बोनस टाइमची भीक सुरू राहते.

लिमिट प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फोनवर दोन तास आणि टॅबवर दोन तास म्हणजे चार तास.

आणखी एक बारकावा. तुम्ही केलेला बदल मुलाच्या फोनपर्यंत इंटरनेटवरूनच पोहोचतो. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात नेटवर्क गेलं तर दिलेला बोनस टाइम पोहोचतच नाही आणि ‘बाबांनी दिलंय तरी उघडत नाही’ म्हणून रडारड होते. त्यासाठी पालकाच्या ॲपमध्ये ‘पेरेंट ॲक्सेस कोड’ असतो. तो फोनवरून सांगितला की मुलाचं उपकरण नेट नसतानाही उघडतं. कोड थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे पाठ करून उपयोग नाही. बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्या बाबांनी हा कोड कुठे सापडतो ते निघण्याआधी बघून ठेवावं.

नवे गेम कुठून शिरतात

प्ले स्टोअरची परवानगी ‘सगळ्यासाठी’ वर ठेवा. फुकट गेमलाही विचारलं जाईल. इथे एक फट आहे: एकदा मंजूर केलेलं ॲप काढून टाकलं तरी ते पुन्हा उतरवताना परवानगी लागत नाही. दहावीच्या परीक्षेआधी गेम डिलीट केला आणि निश्चिंत झालात, तर तो आठवड्यात परत येतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. डिलीट करू नका, फॅमिली लिंकमधून ‘ब्लॉक’ करा.

वयाची पातळीही लावा. प्ले स्टोअरवर आपल्याकडे ३, ७, १२, १६, १८ असे आकडे दिसतात. गाळणी नव्या शोधाला लागते, आधीपासून फोनवर असलेल्या गेमना नाही. ते एकेक करून बघावे लागतात.

खरी वाट मागच्या दारची आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर मित्र एपीके फाइल, म्हणजे थेट फोनवर बसवायची ॲपची फाइल, पाठवतो: ‘अनलिमिटेड हिरे’, ‘मॉड मेनू’. या फाइली प्ले स्टोअरच्या बाहेरच्या, कोणी काय घुसवलंय ते ठाऊक नाही, आणि त्या अनेकदा एसएमएस वाचायची परवानगी मागतात. एसएमएस म्हणजे ओटीपी. फॅमिली लिंकच्या उपकरण सेटिंगमध्ये ‘अननोन सोर्सेस’ बंद करायचं बटण आहे. तिथेच ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ही बंद करा. हे दोन स्विच या ॲपमधले सर्वांत कामाचे आणि सर्वांत दुर्लक्षित.

बंदीवर विसंबू नये याचं कारणही हेच. २०१९ च्या सुमारास गोव्यात पबजी हा राजकीय विषय झाला होता. २०२० च्या सप्टेंबरात केंद्राने पबजी मोबाइल बंद केला, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला, २०२२ च्या जुलैत तो स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. मधल्या काळात ज्यांच्या फोनवर होता ते खेळत राहिले आणि बाकीच्यांनी एपीके शोधली. बंदीमुळे मुलं प्ले स्टोअर सोडून टेलिग्रामकडे वळली.

ब्राउझरमधले गेम हे आणखी एक दार. क्रोम उघडून साइटवर खेळलेल्या गेमला ॲप लिमिट लागत नाही, तो वेळ क्रोमच्या खात्यात जातो. वापराच्या यादीत क्रोम अचानक दीड तास दिसू लागलं तर कारण हेच. लहान मुलांसाठी क्रोम ‘फक्त मंजूर साइट’ वर ठेवा. सातवी-आठवीच्या मुलाला ते अभ्यासाला आडवं येतं, तिथे क्रोमलाच लिमिट लावा.

सगळ्यांत सोपी पळवाट वेगळीच: आईचा फोन. पालकाच्या फोनवर मंजुरी एका टिचकीची असते, आणि आईचा पॅटर्न घरात सगळ्यांना पाठ. मुलगा आपल्या फोनवरून विनंती पाठवतो, आई स्वयंपाकघरात मासे साफ करत असते, हात ओले, ‘बघ रे कोणाचा मेसेज’ म्हणते, आणि विनंती मंजूर होऊन सूचनाही पुसली जाते. याला ॲपकडे उपाय नाही. पालकाच्या फोनचं कुलूप बदला, पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवा आणि फॅमिली लिंकवर वेगळं ॲप लॉक लावा.

पैसे

तीन गुण का, ते इथे कळेल. फॅमिली लिंकची परवानगी गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीलाच लागते. बीजीएमआयचा यूसी किंवा फ्री फायरचे हिरे (दोन्ही गेममधली चलनं) बाहेरच्या साइटवर खेळाडूचा आयडी टाकून, यूपीआयने पैसे भरून घेता येतात. तो व्यवहार गूगलला दिसतच नाही. रिचार्जच्या दुकानात रोख देऊन भरून घेणारी मुलंही आहेत. पॉकेटमनी शंभर-दोनशेचा असेल तर एवढ्यावर भागतं, पण यूपीआयचा पिन ठाऊक झाला की आकडा वाढतो.

पहिलं काम पिन बदलण्याचं. मुलाला बाजारातून दूध आणायला पाठवताना दिलेला पिन सगळीकडे चालतो. मग यूपीआय लाइट तपासा. त्यात एका वेळी एक हजारपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि पाच हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते. फोन उघडा हातात मिळाला की ते पैसे गेले. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर लाइट बंद ठेवा. तिसरं, यूपीआय ॲपमधली ‘ऑटोपे’ची यादी. दर आठवड्याला किंवा महिन्याला कापल्या जाणाऱ्या सदस्यत्वाचा आदेश एकदा दिला की पुढचे हप्ते आपोआप जातात. गेम डिलीट केल्याने तो आदेश रद्द होत नाही, यादीत जाऊन रद्द करावा लागतो.

अठरा वर्षांवरील मुलाला खर्चाची सोय हवी असेल तर ‘यूपीआय सर्कल’ बरं, म्हणजे तुमच्या खात्यातून त्याला पैसे देऊ देण्याची सोय. प्रत्येक व्यवहार तुम्ही मंजूर करायचा असं ठेवता येतं. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला पंधरा हजार आणि एका वेळी पाच हजार ही मर्यादा राहते.

गूगल प्लेवरून चुकून खरेदी झालीच तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतावा मागा. त्यानंतर गूगल सहसा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतं. ‘आयडी विकतो’, ‘स्वस्तात यूसी देतो’ म्हणून कोणी पैसे लाटले असतील तर तो सायबर गुन्हा आहे. १९३० वर लगेच फोन करा; पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

क्रेट आणि ‘लक रॉयल’ यांबद्दल एक शब्द. पैसे भरायचे, चाक फिरवायचं, काय मिळेल ते नशीब. मांडवीवरच्या कॅसिनोत एकवीस वर्षांखालच्याला पाऊल टाकू देत नाहीत. खिशातल्या या चाकाला वयाची अट म्हणजे एक टिकमार्क. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवर खेळायचे गेम देशात बंद केले, त्यांच्या जाहिरातीही. क्रेट मात्र त्या व्याख्येत सरळ बसत नाहीत आणि ते चालूच आहेत. मुलाला समजावताना ‘पैसे घालवू नकोस’ याऐवजी एक स्किन मिळवायला किती वेळा चाक फिरवलं ते त्यालाच मोजायला लावा. गेममध्ये शक्यतेची टक्केवारी बहुधा एका कोपऱ्यात दिलेली असते. ती उघडून गुणाकार करून दाखवला की सातवीच्या मुलालाही गणित कळतं.

शून्य गुणांची जागा: गेमच्या आत

रोब्लॉक्स हा एक गेम नाही, लाखो लोकांनी बनवलेल्या गेमांचा बाजार आहे. फॅमिली लिंकला त्यातलं फक्त एक ॲप दिसतं. आत ‘मिनिमल’, ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘रिस्ट्रिक्टेड’ अशा पातळ्या असतात. नऊच्या आतल्या मुलाला मूळचेच पहिल्या दोन मिळतात, पण खात्यात जन्मसाल खोटं असेल तर नाही. पालकाने स्वतःचं रोब्लॉक्स खातं काढून, ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्डने वय सिद्ध करून ते मुलाच्या खात्याशी जोडायचं. मग खर्चाची मासिक मर्यादा, रोजचा वेळ, मित्रांची यादी आणि चॅटची सेटिंग तुमच्या फोनवरून दिसतं व बदलता येतं. वीस मिनिटांचं काम आहे. मित्रांच्या यादीत शाळेतली मुलं किती आणि कधीच न भेटलेली किती, एवढं एकदा मुलासोबत बसून बघा.

बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्या खेळाडूला पालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा लागते. अर्थात ‘मी अठराच्या वर आहे’ हे बटणही त्याच पडद्यावर आहे, आणि मुलं कोणतं दाबतात ते सांगायला नको. व्हॉइस चॅट सगळ्यांत त्रासदायक. अनोळखी संघात पडलेल्या दहा वर्षांच्या मुलाला हेडफोनमधून जे ऐकू येतं ते पालकांना बाहेर ऐकूच येत नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर दोन्ही ‘फक्त टीम’ वरही ठेवू नका, बंद करा. चार मित्रांना बोलायचंच असेल तर वेगळा व्हॉट्सॲप कॉल लावून खेळतात, ते चालेल. आणि दिवाणखान्यात खेळताना हेडफोन नको. कोणत्याही ॲपपेक्षा हा नियम जास्त काम करतो.

डिस्कॉर्ड, म्हणजे गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं ॲप, तेराच्या आत नाहीच. पुढे ‘फॅमिली सेंटर’ जोडता येतं. त्यात कोणाशी बोलतो ते दिसतं, काय बोलतो ते नाही.

प्लेस्टेशन, पीसी आणि राउटर

फॅमिली लिंकचा हात इथपर्यंत पोहोचत नाही. पीएस५ आणि पीएस४ मध्ये पालकांचे नियम चांगले आहेत: मुलाचं वेगळं खातं, वयाची पातळी, खर्च मूळचाच शून्यावर, खेळायची वेळ. वेळ संपल्यावर ‘फक्त सूचना’ की ‘लॉग आउट’ हे निवडायचं असतं. लॉग आउट निवडलंत तर सेव्ह न केलेलं जातं हे मुलाला आधी सांगा. पण सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट एकच: कन्सोलच्या निर्बंधांचा मूळ पासकोड ०००० असतो. तो बदलला नाही तर मुलगा यूट्यूबवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून सगळं काढतो. सोबत ‘नवा यूजर तयार करणे’ आणि ‘गेस्ट लॉगिन’ दोन्ही बंद करा, आणि बाबांच्या खात्याला लॉगिन कोड लावा. नाहीतर पोर बाबांच्या खात्यातून जीटीए खेळतं. आपल्याकडे मिळणाऱ्या डिस्कवर बहुधा पेगीचा, म्हणजे युरोपच्या वयोमर्यादेचा, शिक्का असतो. चौकोनातला १८ हा आकडा सजावट नव्हे.

पीसीवर स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान) असेल तर २०२४ पासूनचं ‘स्टीम फॅमिलीज’ वापरा: सहा जणांपर्यंत कुटुंब, मुलाची भूमिका, खेळायची वेळ, खरेदीची विनंती. विंडोजवर मुलाचं स्टँडर्ड खातं हवं. ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर बाकी काही लावून उपयोग नाही.

राउटरवर वेळ लावायचा सल्ला केबलवाला हमखास देतो. तो कमजोर आहे. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता (नेटवर्कवरची फोनची ओळख) दाखवतो. त्यामुळे राउटरने अडवलेला फोन त्या वायफायच्या गोपनीयतेत ‘डिव्हाइस मॅक’ निवडून पुन्हा जोडला की नवा पाहुणा ठरू शकतो. ही निवड मुलाच्या फोनवरच असते, आणि ती बदलायला मुलगा मोकळा. शिवाय जूनच्या पहिल्या पावसात वीज जाते, राउटर बंद पडतो आणि मोबाइल डेटा चालूच राहतो.

दोन पालक, एक घर

कळंगुटच्या हॉटेलात संध्याकाळची पाळी, वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी, कोणी बोटीवर. फॅमिली लिंकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे लांबून चालतं. कुटुंबाच्या गटात जोडीदाराला नुसता सदस्य म्हणून घेऊ नका, ‘पेरेंट’ ही भूमिका द्या, तरच त्यालाही बदल करता येतात. मग नवा धोका उभा राहतो: आईने नाकारलेला गेम बाबा दुबईहून मंजूर करतात, कारण तिथे दुपारची सुटी असते आणि मुलगा गोड बोलतो. विनंत्यांची मंजुरी एकाकडेच ठेवा, दुसऱ्याने फक्त बोनस टाइम द्यावा. आजोबांना या गटात ओढू नका. त्यांना हवं असतं ते एवढंच की चार वाजता फोन आपोआप बंद व्हावा.

तेरावा वाढदिवस जवळ आला की गूगल मुलाला आणि पालकाला मेल पाठवतं, कारण खात्याचे नियम बदलतात. देखरेख पुढेही ठेवता येते, पण तोवर ती मुलाच्या गळी उतरलेली हवी.

कधी ॲप पुरेसं नसतं तेही नमूद करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंग डिसऑर्डर हा निदानाचा भाग आहे. त्यात खेळण्यावर ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व येणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं हे साधारण बारा महिने टिकलेलं पाहतात. दोन आठवड्यांची सुटी त्यात बसत नाही. झोप, जेवण आणि शाळा तिन्ही बिघडली असतील तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. प्रत्यक्ष दाखवायचं तर बांबोळीची मनोरुग्ण संस्था, आयपीएचबी. जाताना फॅमिली लिंकमधला मागच्या काही आठवड्यांच्या वापराचा तक्ता स्क्रीनशॉट काढून न्या. ‘दिवसभर खेळतो’ याऐवजी कोणत्या गेमला रोज किती मिनिटं हे डॉक्टरांच्या हातात पडलं तर पहिल्या भेटीचा अर्धा वेळ वाचतो.